पेटंट विकायचंय? आधी बघा, त्यावाचून कोणाचं अडतंय

पेटंट मंजूर झाल्यावर पहिले काही दिवस माणूस हवेत असतो. मग ते विकायचा विचार येतो आणि पहिला प्रश्न पडतो तो किमतीचा. नवखे लोक मला विचारतात, ‘ही कल्पना जगात दुसऱ्या कुणाला सुचलीच नव्हती, मग किती मिळतील?’ घेणारा हे विचारतच नाही. नवेपणाची परीक्षा पेटंट ऑफिसने घेतलेली असते. त्याला एवढंच जाणून घ्यायचं असतं की हे पेटंट आपल्याकडे नसलं तर आपलं काय अडेल आणि असलं तर दुसऱ्या कोणाला अडवता येईल.

पेटंट म्हणजे वस्तू बनवायचा परवाना, हा गैरसमज आधी काढून टाका. दुसऱ्याला ‘तू बनवू नकोस’ असं म्हणायचा तो हक्क आहे. तुमच्याच पेटंटमधली वस्तू बनवताना तुमचा पाय दुसऱ्याच्या पेटंटवर पडू शकतो. म्हणजे विकायला निघालेला माल यंत्र नाही की युक्ती नाही, तो कुंपणाचा तुकडा आहे. त्या कुंपणाच्या आत कोण उभं आहे, यावर भाव ठरतो.

घेणाऱ्याचा वकील कागद साधारण ज्या क्रमाने तपासतो, त्याच क्रमाने पुढच्या पायऱ्या लावल्या आहेत. त्याच्या आधी तुम्हीच तपासून घ्या.

पायरी १ : पेटंट जिवंत आहे का आणि तुमचंच आहे का

पेटंट जिवंत ठेवायला फी भरावी लागते. बऱ्याच देशांत ती दरवर्षी भरतात. अमेरिकेत मंजुरीनंतर साडेतीन, साडेसात आणि साडेअकरा वर्षांनी तीन हप्ते असतात. हप्ता चुकला की थोडी सवलतीची मुदत मिळते, नंतर पेटंट मरतं. पेटंट ऑफिसचं ऑनलाइन रजिस्टर उघडून स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करा; ‘वकिलाने भरली असेल’ यावर विसंबू नका.

मालकीचं प्रकरण याहून किचकट असतं. शोध लावणारा आणि पेटंटचा मालक एकच असेल असं नाही. शोधाच्या वेळी तुम्ही नोकरीत होता का? करारात काय लिहिलं होतं? सर्किट कोणा मित्राने काढून दिलं होतं का, आणि त्याचं नाव शोधकर्त्यांत आहे का? मूळ शोधकर्त्यापासून तुमच्यापर्यंत हक्क ज्या ज्या हातांतून आले, त्या प्रत्येक टप्प्याचा सही केलेला कागद हवा. याला हस्तांतराची साखळी म्हणतात. एक कडी तुटली की घेणारा थांबतो, आणि दहा वर्षांपूर्वी परदेशी गेलेल्या सहकाऱ्याची सही आणायला तुम्ही धावत सुटता. हे अनेकदा पाहिलंय. त्यातही, घेणारा वाट बघतोय असा वास त्या सहकाऱ्याला लागला की त्याच्या सहीचा भाव आधी वाढतो.

सहमालक असतील तर देशागणिक नियम वेगळे. अमेरिकेत एक सहमालक दुसऱ्याला न विचारता लायसन्स देऊ शकतो. म्हणजे तुमचा अर्धा वाटा विकत घेणाऱ्याला भीती असते की त्याने ज्याला अडवायचं तो उरलेल्या भागीदाराकडून स्वस्तात परवानगी घेऊन मोकळा होईल. भारतीय कायद्यात इतर सहमालकांच्या संमतीशिवाय लायसन्सही देता येत नाही आणि आपला वाटाही विकता येत नाही. दोन्हीकडे उपाय एकच, सगळ्यांनी एकत्र विकायचं.

पायरी २ : क्लेम वाचा, आणि शत्रूच्या नजरेने वाचा

पेटंटमध्ये चित्रं असतात, पानंच्या पानं वर्णन असतं. किंमत मात्र शेवटच्या क्रमांकित वाक्यांत असते. त्यांना क्लेम म्हणतात. कुंपण तिथे आखलेलं असतं. वर्णनात असलेलं पण क्लेममध्ये न आलेलं सगळं तुम्ही जगाला फुकट देऊन टाकलेलं असतं.

एक उदाहरण जवळून बघू. समजा, चार फिरत्या चाकांची प्रवासी बॅग उतारावर घरंगळू नये म्हणून तुम्ही ब्रेक बसवलात. तुमचा पहिला क्लेम असा आहे :

‘एक प्रवासी बॅग, जिला तळाशी चार फिरती चाकं आहेत, ओढून वर काढता येणारं हँडल आहे, त्या हँडलच्या मुठीत एक बटण आहे, आणि मुठीपासून तळापर्यंत जाणारा स्टीलचा दांडा आहे, जो बटण दाबल्यावर मागच्या दोन चाकांना घट्ट धरतो.’

वाचायला छान, नेमकं. नेमकं आहे हीच अडचण. उल्लंघन सिद्ध करायला क्लेममधली प्रत्येक गोष्ट समोरच्याच्या वस्तूत सापडावी लागते. एक जरी नसली तरी तो सुटला. आता स्पर्धकाच्या इंजिनियरच्या खुर्चीत बसा. दांड्याऐवजी तार ओढली, सुटला. बटण मुठीतून काढून बॅगेच्या कडेला लावलं, सुटला. आणि ‘मागची दोन चाकं’ म्हणजे कोणती? चारही बाजूंना फिरणाऱ्या बॅगेला पुढचं-मागचं असं काही नसतं. त्याने कोपऱ्यातली समोरासमोरची दोन चाकं अडवली की वकील महिनाभर याच शब्दावर भांडतील. चहाच्या एका कपात तुमचं पेटंट चुकवता येत असेल, तर घेणारा त्याचे चहाच्या कपाएवढेच पैसे देईल.

‘तार काय आणि दांडा काय, काम तर तेच!’ असं तुम्ही म्हणाल. काही कोर्टं समतुल्य भागांचा विचार करतातही. पण अर्ज चालू असताना परीक्षकाने हरकत घेतली आणि ती टाळायला तुम्हीच ‘स्टीलचा दांडा’ हे शब्द घुसवले असतील, तर ती वाट बहुतेक बंद होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली फेस्टो खटल्यात हेच बजावलं. म्हणून घेणारा नुसतं पेटंट वाचत नाही, परीक्षकाशी झालेला सगळा पत्रव्यवहार मागवतो. घाईत मंजुरी मिळावी म्हणून तुमच्या वकिलाने लिहिलेली दोन ओळींची कबुली त्यात असते आणि ती नेमकी पुढे येते.

आता तीच युक्ती दुसऱ्या शब्दांत : ‘चाकं असलेली बॅग, जिच्यात हाताने चालवायचा एक भाग आहे, आणि त्या भागाची हालचाल किमान एका चाकापर्यंत पोचवून त्याला अडवणारी जोडणी आहे.’ शब्द घटले, कुंपण पसरलं. तार, दांडा, दोरी सगळं आत. मात्र कुंपण जितकं मोठं तितकी त्यात जुनी वस्तू सापडायची भीती जास्त; बाबागाडीला आणि हॉस्पिटलच्या खाटेला ब्रेक कधीपासून आहेत. ‘हे बॅगेला लावण्यात नवं ते काय?’ असं कोणी विचारलं तर हा रुंद क्लेम डगमगेल. म्हणून जाणकार घेणाऱ्याला उतरंड हवी असते : वर एक रुंद क्लेम, त्याखाली त्याच्यावर अवलंबून असलेले हळूहळू अरुंद होत जाणारे क्लेम. वरचं मडकं फुटलं तरी खालचं हातात राहतं.

आणखी एक तपासा. क्लेममधल्या सगळ्या गोष्टी एकच माणूस करतो का? सॉफ्टवेअरच्या पेटंटांत पहिली पायरी ग्राहकाचा फोन करतो, दुसरी कंपनीचा सर्व्हर, तिसरी भलताच कोणी. मग संपूर्ण उल्लंघन कोणा एकाच्या गळ्यात घालणं कठीण जातं. क्लेम असा हवा की तो मोडणारा माणूस वस्तू बनवणारा किंवा विकणारा असेल. ग्राहकावर खटला भरून कुणाचं भलं होत नाही.

पायरी ३ : कोणाच्या वस्तूत आहे ते दाखवा

विक्रीच्या सगळ्या कागदांत सर्वांत जास्त पैसे आणणारा कागद कोणता, असं विचारलंत तर मी क्लेम चार्ट म्हणेन. दोन रकाने. डावीकडे क्लेमचा एकेक तुकडा, उजवीकडे बाजारातल्या खऱ्या वस्तूत तो तुकडा कुठे दिसतो त्याचा पुरावा.

आपल्या बॅगेचा चार्ट करायचा तर दुकानातून स्पर्धकाची बॅग आणा, पावती जपून ठेवा, अस्तर उसवा, आतली जोडणी दिसेल असा फोटो काढा, त्यावर बाण मारा. ‘हाताने चालवायचा भाग’ या ओळीसमोर बटणाचा फोटो. ‘हालचाल पोचवणारी जोडणी’ या ओळीसमोर उसवलेल्या अस्तरामागची तार. ‘चाकाला अडवणारी’ या ओळीसमोर वापरपुस्तिकेतलं वाक्य, पान क्रमांकासह. एखाद्या ओळीसमोर पुरावा नसेल तर ‘बहुधा असावं’ असं लिहून सोडून द्या, दडपून ‘आहे’ लिहू नका. घेणारा तीच बॅग स्वतः उसवून बघणार आहे.

यातून एक गोष्ट लक्षात येईल. बाहेरून दिसणाऱ्या वस्तूचं पेटंट विकायला सोपं. कारखान्याच्या बंद दाराआड भट्टीचं तापमान कसं बदलतात, याचं पेटंट कितीही हुशार असलं तरी कोण चोरतंय हे कळणार कसं? अशा पेटंटांना भाव कमी मिळतो, आणि यात अन्याय आहे असं मला प्रामाणिकपणे वाटतं. पण बाजार पुराव्याचे पैसे देतो.

आज कोणीच वापरत नसेल तर? मग तुम्ही भविष्य विकताय, आणि ते विकणं फार कठीण. निदान उद्योग त्या दिशेने निघालाय असं दाखवा : स्पर्धकांचे नवे अर्ज, त्यांत तुमच्या पेटंटचा आलेला उल्लेख, तांत्रिक मानकांचे मसुदे. नंतरच्या अर्जांत तुमचा दाखला वारंवार येत असेल तर ती चांगली खूण आहे. ती खूणच, पुरावा नव्हे.

पायरी ४ : हल्ला झाला तर टिकेल का

परीक्षकाला एका अर्जासाठी मोजके तास मिळतात. ज्याच्यावर कोट्यवधींचा दावा येणार आहे तो मात्र जगभरची जुनी मासिकं, प्रबंध आणि कॅटलॉग उपसतो. तुमच्या अर्जाच्या तारखेआधी तीच युक्ती कुठे आल्याचा एक दाखला मिळाला की पेटंट धोक्यात. अमेरिकेत २०१२ पासून पेटंट ऑफिसातच मंजूर पेटंटाला आव्हान द्यायची वेगळी प्रक्रिया आहे, आणि ती पूर्ण खटल्यापेक्षा बरीच स्वस्त पडते. त्यानंतर २०१४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा अ‍ॅलिस निकाल आला. नेहमीचा व्यवहार नुसता कॉम्प्युटरवर केला म्हणून पेटंट मिळणार नाही, असा त्याचा रोख होता. असंख्य सॉफ्टवेअर पेटंटं त्या निकालाने हलकी झाली. कागदातलं एक अक्षरही बदललं नव्हतं.

म्हणून स्वतःच शोध घ्या, आणि सुरुवात स्वतःपासून करा. अर्ज भरण्याआधी तुम्ही प्रदर्शनात मांडणी केली होती का, व्हिडिओ टाकला होता का, एखादा नमुना विकला होता का? अमेरिकेत यासाठी एक वर्षाची सवलत आहे, युरोपात जवळपास नाहीच. असं काही असेल तर लपवू नका. सौदा मोडतो तो बहुधा दोषामुळे नाही, दोष उशिरा बाहेर आल्यामुळे.

पायरी ५ : वर्षं किती उरली आणि कुटुंब किती मोठं

अर्जाच्या तारखेपासून साधारण २० वर्षं, हा आता जवळपास जगभरचा नियम आहे. पण त्यातली शेवटची वर्षं बहुधा सगळ्यांत मोलाची असतात, कारण बाजार तयार व्हायला वेळ लागतो. चेस्टर कार्लसन यांनी कोरड्या छायाप्रतीची पद्धत शोधली आणि १९३८ साली पहिली प्रत काढली. मोठमोठ्या कंपन्यांनी त्यांना वाटेला लावलं. मूळ पेटंट १९४२ साली मिळालं, तेव्हा मुदत मंजुरीपासून १७ वर्षं असे. आणि ज्या यंत्राने खरा पैसा आणला ते झेरॉक्स ९१४ बाजारात आलं १९५९ साली, म्हणजे मूळ पेटंट संपलं त्याच वर्षी! कंपनी तरली ती मधल्या काळात घेतलेल्या सुधारणांच्या पेटंटांवर. तुम्हीही पहिल्या अर्जावर थांबला असाल तर हे लक्षात घ्या.

कुटुंब म्हणजे त्याच शोधाचे वेगवेगळ्या देशांतले अर्ज. जिथे वस्तू बनते आणि जिथे सर्वांत जास्त विकली जाते, ते देश महत्त्वाचे. बाकीचे नकाशावर शोभतात आणि फी खातात. १८८३ च्या पॅरिस करारानुसार पहिल्या अर्जानंतर १२ महिन्यांत दुसरीकडे अर्ज करता येतो, आणि पीसीटी या आंतरराष्ट्रीय पेटंट कराराच्या मार्गाने साधारण ३० महिन्यांपर्यंत वेळ मिळतो. ही मुदत संपून गेल्यावर ‘आता तिकडेही घेऊ’ म्हणता येत नाही.

कुटुंबात एखादा अर्ज अजून चालू असेल तर भाव चांगलाच वाढतो. अमेरिकेत त्याला कंटिन्युएशन म्हणतात. मूळ वर्णनात आधार असेल तर स्पर्धकाने काढलेली नवी बॅग बघून तिच्यावर बसतील असे नवे क्लेम लिहिता येतात. ‘स्टीलचा दांडा’ ही चूक सुधारायची शेवटची संधी हीच. मंजुरीच्या आनंदात हा मार्ग बंद करू नका.

पायरी ६ : पेटंटवर कोणाचं ओझं

आधी दिलेली लायसन्सं पेटंटबरोबर जातात, नवा मालक ती सहसा रद्द करू शकत नाही. ज्या तीन कंपन्यांना अडवायचं त्यांतल्या दोघींना तुम्ही आधीच परवानगी दिली असेल, तर उरलं काय? कर्जाचं तारण, सरकारी अनुदानाच्या अटी, एखाद्या मानक संस्थेला ‘वाजवी दरात लायसन्स देईन’ असं दिलेलं वचन, हे सगळं एका पानावर लिहून काढा.

पायरी ७ : भाव

तुम्ही किती खर्च केला, हे विसरा. घेणाऱ्याला त्याचं सोयरसुतक नसतं.

बातम्यांतल्या आकड्यांनी भुलू नका. २०११ साली नॉर्टेल या दिवाळखोर कॅनेडियन दूरसंचार कंपनीची सुमारे ६,००० पेटंटं आणि अर्ज ४.५ अब्ज डॉलरला गेले. सरासरी काढली तर एका नगाला साडेसात लाख डॉलर. लगेच कोडॅकने आपली डिजिटल छायाचित्रणाची सुमारे १,१०० पेटंटं काढली, अंदाज २.२ ते २.६ अब्ज डॉलरचा होता, हाती आले जेमतेम ५२.५ कोटी. तंत्रज्ञानातला फरक होताच, पण आणखी एक होता. नॉर्टेलच्या लिलावात गूगल एका बाजूला आणि अ‍ॅपल, मायक्रोसॉफ्ट वगैरे मंडळी दुसऱ्या बाजूला अशी झुंज लागली. (गूगलने एक बोली π च्या आकड्याची, ३.१४१५९ अब्जांची लावली होती. खेळकरपणाला तोड नाही.) कोडॅकच्या वेळी संभाव्य ग्राहक एकच गट करून आले. भाव चढायला दोन गिऱ्हाइकं लागतात, आणि ती एकमेकांशी बोलत नसावी लागतात.

साधा हिशोब असा करा. उल्लंघन करणारा वर्षाला किती नग विकतो. त्यातला किती फायदा फक्त ब्रेकमुळे आहे, अख्ख्या बॅगेमुळे नव्हे. त्यावर किती टक्के रॉयल्टी पटेल. किती वर्षं उरली. मग शक्यतांनी गुणा. उल्लंघन सिद्ध होण्याची शक्यता ६० टक्के आणि पेटंट टिकण्याची ५० टक्के धरलीत तर हातात राहतात ३० टक्के. त्यातून खटल्याचा खर्च वजा. आकडा बघून वाईट वाटतं, पण घेणाऱ्याच्या कागदावर याच्या आसपासचाच आकडा असतो.

एकरकमी घ्यायचे की रॉयल्टी? वॉल्टर हंट यांनी १८४९ साली सेफ्टी पिनचं पेटंट घेतलं आणि हक्क ४०० डॉलरला विकून टाकले, एक छोटं कर्ज फेडायला. ही गोष्ट सांगून लोक नेहमी ‘रॉयल्टीच घ्या’ म्हणतात. माझं मत उलट आहे. पुढच्या माणसाची विक्री तपासायची, हिशोब मागायचे, भांडायचे तुमचे बळ नसेल तर एकरकमी घ्या. फक्त हंटसारखे, घेणेकरी दारात उभे असताना विकू नका.

पायरी ८ : कोणाकडे जायचं आणि काय सही करायचं

गिऱ्हाइकं साधारण तीन जातींची. एक, ज्यांना स्पर्धकाशी लढायला हत्यार हवं अशा उत्पादक कंपन्या. दोन, आपल्या सभासदांवर खटले येऊ नयेत म्हणून पेटंटं घेऊन ठेवणाऱ्या बचावात्मक संस्था. २००८ साली सुरू झालेली आरपीएक्स ही त्यांतली ओळखीची. तीन, स्वतः काही न बनवता पेटंटांवर वसुली करणारे. गूगलने २०१५ साली मे महिन्यात दोन आठवडे खिडकी उघडून ‘तुमचा भाव तुम्हीच सांगा’ असंही केलं होतं. अशा संधी येतात-जातात, पण क्लेम चार्ट तयार असलेल्यालाच त्या पकडता येतात.

पहिल्या पत्रात ‘तुम्ही माझं पेटंट चोरताय’ असं लिहू नका. अमेरिकेत अशा पत्रामुळे समोरचा आपल्या सोयीच्या कोर्टात आधी जाऊन ‘आम्ही उल्लंघन करत नाही असं जाहीर करा’ म्हणू शकतो, आणि तुम्ही विकायच्या ऐवजी लढत बसता. पत्र इंजिनियरना नको, कंपनीच्या पेटंट विभागाला पाठवा. ‘हे विक्रीला आहे’, एवढंच लिहा.

आणि जो विकून देतो म्हणून आधीच फी मागतो त्याच्यापासून लांब राहा. प्रामाणिक दलाल सौद्यातला वाटा घेतो. अमेरिकेत १९९९ च्या कायद्याने अशा शोध-प्रसारक कंपन्यांना, त्यांच्यामुळे किती ग्राहकांना खर्चापेक्षा जास्त पैसे मिळाले, हे लेखी सांगावं लागतं. तुम्ही कुठेही असा, तोच प्रश्न विचारा आणि समोरच्याचा चेहरा बघा.

करारात कुटुंबातला प्रत्येक क्रमांक, चालू अर्जांसह, नावानिशी हवा. जुन्या उल्लंघनाबद्दल भरपाई मागायचा हक्क वेगळा लिहिला नाही तर तो घेणाऱ्याकडे जातोच असं नाही, म्हणून तो हे वाक्य मागेल. त्याचे पैसे धरा. ‘हे पेटंट वैध आहे’ अशी हमी देऊ नका, ‘हे माझं आहे’ एवढीच द्या. आणि तुम्ही स्वतः त्या बॅगा बनवत असाल तर स्वतःसाठी लायसन्स राखून ठेवा, नाहीतर विकल्याच्या दुसऱ्या दिवशी तुमच्याच ब्रेकवर तुम्हीच उल्लंघन करणारे ठराल. हे वाक्य विसरणारे लोक आहेत.

पैसे आल्यावर हस्तांतराची नोंद पेटंट ऑफिसात व्हायला काही आठवडे जातात. सही आणि नोंद यांच्या मधल्या काळात एखादी वार्षिक फी येत असेल तर ती कोण भरणार, हे तारखेसकट करारात लिहून घ्या. तुम्हाला वाटतं तो भरेल, त्याला वाटतं तुम्ही.